इंटरला अडलेला प्राचार्य

देवणीचं नाव दूरवर गेलं ते इथल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या जनावरांमुळे. पोराला शिकवायचं म्हटलं की मात्र देवणीकर उदगीरचा रस्ता धरतो. उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय निघालं 1962 साली. त्याआधी शिकायचं तर घर सोडून लांब जावं लागे. निजामाच्या राजवटीत हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथं पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून.

संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झालं आणि दोनच वर्षांत, 1950 साली, मराठवाड्यात दोन महाविद्यालयं उभी राहिली. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांचं मिलिंद आणि नांदेडात स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज. कालपर्यंत जी रयत होती, तिच्या कॉलेजाला लोकांचं नाव मिळालं. मला हे नाव फार मोलाचं वाटतं.

तिथं राम शेवाळकरांनी शिकवलं; पुढे ते वणीला प्राचार्य झाले, 1994 च्या पणजी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. पण पीपल्स म्हटलं की आठवतात नरहर कुरुंदकर. हा माणूस इंटरच्या परीक्षेत पुन्हापुन्हा नापास झालेला. 1955 पासून नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर. शाळेत शिकवता शिकवताच पदव्या घेतल्या, मग पीपल्समध्ये मराठीचे प्राध्यापक आणि शेवटी तिथलेच प्राचार्य. मनुस्मृती, रिचर्ड्सची कलामीमांसा, नाट्यशास्त्र, हैदराबादचा मुक्तिलढा, कशावरही अधिकारानं बोलत. ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना आहे, शिवाजी महाराजांचा एवढा कसून विचार करणारी प्रस्तावना मराठी कादंबरीला क्वचितच लाभली असेल.

कुरुंदकरांचा वर्ग कॉलेजच्या भिंतीत मावला नाही. गावोगावच्या व्याख्यानांना पदवी नसलेली माणसंही येऊन बसत, आणि न पटणारं ऐकूनही उठत नसत. मराठवाड्याला वाद घालायला शिकवलं ते या माणसानं, असं मी मानतो. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत, व्यासपीठावरच ते गेले. वय अवघं एकोणपन्नास.

एप्रिल 2022 मध्ये पंचाण्णवावं साहित्य संमेलन उदगीरला, उदयगिरी महाविद्यालयाच्याच आवारात भरलं. मराठवाड्याच्या त्या रणरणत्या उन्हात भारत सासणे अध्यक्षस्थानी होते. देवणीच्या माणसाला त्यांचं भाषण ऐकायला शेजारच्या तालुक्यापर्यंतच जायचं होतं.