देण्याआधी जपा, मग पुसा

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपवला. विंडोज ११साठी मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे घरोघरी आणि लहानसहान कार्यालयांत चांगले चालणारे कितीतरी संगणक बाजूला पडले आहेत. ते भंगारात घालण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेला, गावातल्या वाचनालयाला किंवा दहावीतल्या एखाद्या मुलीला द्यावेत, हा विचार फार चांगला आहे. पण देण्याच्या घाईत जे घरात राहायला हवं ते कायमचं जातं आणि जे नाहीसं व्हायला हवं ते मशीनबरोबर परक्या घरी पोचतं. संगणक नीट पुसायला काही तास पुरतात. त्यातलं काय जपायचं हे ठरवायला मात्र घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं लागतं, आणि नेमकं तेच होत नाही.

आधी धोका किती खरा आहे ते पाहू. एमआयटीतले संशोधक सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. इतर अनेक डिस्कमध्ये क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, आजारपणाच्या नोंदी, खासगी पत्रं सापडली. एक डिस्क तर एटीएममधून आलेली होती. हे जुनं झालं म्हणावं, तर २०२२ साली अमेरिकेच्या बाजार नियामकानं मॉर्गन स्टॅन्लीच्या एका कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावायचं काम तिनं या विषयाचा काहीही अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीकडे दिलं होतं आणि त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकली गेली.

असं होतं, कारण फाइल डिलीट केली आणि रीसायकल बिन रिकामा केला तरी साध्या हार्ड डिस्कवरचा मजकूर जागेवरच असतो. तलाठ्याच्या दफ्तरात जमीन मोकळी म्हणून नोंद व्हावी आणि तिथलं घर मात्र तसंच उभं असावं, तसा हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं काढून घेता येतं, आणि त्यासाठीची साधनं फुकट मिळतात. क्विक फॉरमॅटही फक्त नोंदवहीच नव्यानं घालतो.

म्हणून पुसायचं नीट, पण त्याआधी जपायचं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सगळ्यांनाच आठवतात. घरातलं महत्त्वाचं बऱ्याचदा भलतीकडेच असतं. आपल्याकडे संगणक जोडून देणारे बहुतेक जण एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून देतात, आणि ‘डी’मध्ये वर्षानुवर्षांचे फोटो साठलेले असतात. आउटलुक वापरत असाल तर सगळा पत्रव्यवहार एखाद्या पीएसटी फाइलमध्ये असू शकतो. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा हिशेब नुसत्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असतो. नावावरून काहीच कळत नसल्यानं तो हमखास मागे राहतो. पिकासा २०१६ साली बंद झालं, पण त्यात तुम्ही चेहऱ्यांना दिलेली नावं फोटोंच्याच फोल्डरमध्ये छोट्या, लपवलेल्या फाइलींत असू शकतात. म्हणून फोटो निवडून न घेता अख्खा फोल्डर उचलावा. सी ड्राइव्हवरचा ‘युजर्स’ फोल्डर तर लपवलेल्या ‘ॲपडेटा’सकट घ्यावा. जागा थोडी जास्त लागेल, लागू दे.

मराठी घरांत आणि संस्थांत सर्वात जास्त नुकसान होतं ते फॉन्टपायी. नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या सुरेख, योगेश या फॉन्टमध्ये लिहीत होतो. दिवाळी अंकांच्या संहिता, पतसंस्थांची इतिवृत्तं, कुणी निवृत्तीनंतर बसून लिहिलेला गावाचा इतिहास, सगळं त्यात आहे. या फॉन्टची रचना अशी की कृतिदेवमध्ये तुम्ही ‘क’ उमटवता तेव्हा संगणक प्रत्यक्षात इंग्रजी ‘डी’ साठवतो आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चा आकार दाखवतो. फाइल नव्या संगणकावर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि अगम्य चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली असं वाटतं आणि लोक ती टाकून देतात. ती धडधाकट असते. तिला वाचणारा फॉन्ट तेवढा जुन्या मशीनबरोबर गेलेला असतो.

यावर उपाय आहे, पण तो जुनं मशीन हातात असेपर्यंतच सोपा आहे. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले सगळे मराठी फॉन्ट कॉपी करून घ्या. मग जुन्याच मशीनवर एकेक फाइल उघडा, मजकूर नीट दिसतोय ना ते पाहा आणि फॉन्ट अंतर्भूत करून तिची पीडीएफ करा. पेजमेकरच्या फाइलींच्या बाबतीत हे आणखी गरजेचं आहे, कारण अडोबीनं पेजमेकर केव्हाच थांबवलं आणि आजचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. त्यानंतर निवांतपणे युनिकोड करता येतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांनी दिलेलं डोळे मिटून घेऊ नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही उलटं आहे. त्यामुळे ‘किती’ आणि ‘धर्म’ असे शब्द शोधून तपासावेत. ते बरोबर उतरले असतील तर बाकीचा मजकूरही बहुधा ठीक असतो. माझा आग्रह असा की मूळ फाइल, फॉन्ट आणि पीडीएफ ही तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक त्या गावाचा इतिहास शोधत आला तर त्याला हे तिन्ही लागेल.

कॉपी दोन ठिकाणी हवी. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी ऑनलाइन किंवा भावाच्या घरी. पेनड्राइव्हवर कायमची भिस्त ठेवू नये. तो जुन्या एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर जातच नाही, आणि लग्नाचं चित्रीकरण नेमकं तिथं अडकतं. अशा वेळी रिकामा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यावा. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या संगणकाला लावून फाइली उघडून पाहाव्यात: काही फोटो, एखादी पीडीएफ, टॅलीचा एक ताळेबंद. हे होईपर्यंत जुन्या मशीनला हात लावू नका.

वर्षानुवर्षं बंद असलेला डेस्कटॉप सुरू केला की तारीख भलतीच दिसते आणि एकही वेबसाइट उघडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलला, तारीख लावली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या दुकानात असा अडॅप्टर मिळतो. घेताना डिस्क साटा आहे की त्याआधीची आयडीई, ते सांगा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ती ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्यानं उरलंसुरलंही जातं.

आता पुसायचं. त्याआधी ब्राउझरमधल्या खात्यांतून आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून बाहेर पडा, फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते मशीन काढून टाका आणि टॅलीचा परवाना सरेंडर करा, नाहीतर नव्या मशीनवर तो चालू करताना अडचण येते. मग विंडोज १०च्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’त जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. बहुतेक जण इथून सरळ पुढे जातात. तसं करू नका. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा. तिथं ‘क्लीन डेटा’ हा पर्याय एरवी बंद असतो, तो चालू करा. त्याखाली सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली काढायच्या का असं विचारलं असेल तर तिथंही हो म्हणा, नाहीतर सी साफ होईल आणि डीमधले फोटो तसेच राहतील. ५०० जीबीच्या साध्या डिस्कवर एकदा पूर्ण लिहायलाच दीड-दोन तास जातात, त्यामुळे हे काम रात्री लावून ठेवावं. पस्तीस वेळा पुसावं लागतं असा जो समज आहे, तो पीटर गटमन यांच्या १९९६च्या निबंधातून आला आणि त्या काळच्या डिस्कसंबंधी होता. आजच्या हार्ड डिस्कला पूर्ण, एकदाच लिहिलेलं पुरतं.

एसएसडीचं तंत्र वेगळं आहे. ती झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून मजकूर स्वतःच इकडून तिकडे हलवत असते. त्यामुळे वरून लिहिलं तरी जुन्या प्रती कुठेतरी उरू शकतात. तिच्यासाठी उत्पादकाचं स्वतःचं साधन किंवा बायॉसमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा. २०२१च्या मॉन्टेरीपासून पुढच्या प्रणालीवरच्या, टी२ किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हे काम काही मिनिटांत करतं.

डिस्क पुसता येण्याजोगीच नसेल तर ती काढून घ्या आणि मशीन डिस्कशिवाय द्या. नवी लहान एसएसडी फार महाग नसते, ती घालून दिलीत तर घेणाऱ्याला उलट जास्त वेगवान संगणक मिळेल. काढलेली डिस्क ड्रिलनं आरपार भोकं पाडून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्रात द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा केंद्रांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे.

विंडोज १० तशीच ठेवून मशीन शाळेला देण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस ही प्रणाली घालून द्यावी. दोन्ही मोफत आहेत. पण आधी शाळेत फोन करून विचारा: शिक्षकांना कुठली प्रणाली येते, वीज किती तास असते, मॉनिटर त्यांच्याकडे आहे का. मग पॉवर केबल, कीबोर्ड, माउस बरोबर बांधा आणि रॅम किती, डिस्क किती, पुसली कधी, पासवर्ड काय, हे एका कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा.