शहाण्या बायकांची साक्ष

नवऱ्याने, बापाने किंवा धर्मगुरूने वेडी ठरवलेली शहाणी बाई युरोपच्या कादंबरीत येऊन सव्वादोनशे वर्षं झाली. या सगळ्या काळाकडे पाहताना मला एकच प्रश्न मोलाचा वाटतो : तिची हकिगत सांगतं कोण?

सुरुवात धीट होती. मेरी वोल्स्टनक्राफ्टची अपुरी कादंबरी ‘मारिया’ तिच्या मृत्यूनंतर, १७९८मध्ये छापली गेली. नवऱ्याने डांबलेली मारिया वेड्यांच्या इस्पितळात बसून लेकीसाठी स्वतःची कहाणी लिहिते. पुढे मात्र हा आवाज दबला. १८४७च्या ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेल्या बर्थाला स्वतःची बाजूच नाही. १८६०मध्ये पूर्ण झालेल्या विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये पैशासाठी लॉराला दुसरीच्या नावाने इस्पितळात टाकतात. कादंबरी जबान्यांमधून उलगडते. वकील बोलतो, स्वयंपाकीण बोलते, खलनायकही बोलतो. लॉराची जबानी तेवढी नाही.

त्याच १८६० साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये एलिझाबेथ पॅकर्डला तिच्या पाद्री नवऱ्याने इस्पितळात धाडलं. धर्माबाबत तिची मतं वेगळी होती, आणि बायकोला असं दाखल करायला तिथल्या कायद्याने नवऱ्याचा शब्द पुरे होता. तीन वर्षांनी ती सुटली. १८६४मध्ये ज्यूरीने अवघ्या सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. मग तिने पुस्तकं लिहिली, कायदे बदलायला लावले.

कादंबरीला हा धीर परत यायला शतक लागलं. १९६६मध्ये जीन ऱ्हीसने ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून बर्थाला तिचं बालपण, तिचं खरं नाव आणि वाचा दिली. मॅगी ओफॅरेलच्या कादंबरीतली (२००६) एस्मी सोळाव्या वर्षी इस्पितळात जाते आणि साठ वर्षांनंतर बाहेर येते. सेबास्टियन बॅरीच्या ‘द सीक्रेट स्क्रिप्चर’मधली (२००८) शंभरीला टेकलेली रोझॅन आपलं आयुष्य चोरून कागदावर उतरवते, पाद्र्याने लिहून ठेवलेल्या हकिगतीला तिची हकिगत भिडते. व्हिक्टोरिया मासच्या फ्रेंच कादंबरीत (२०१९) पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात बापाने टाकलेली यूजेनी गप्प राहायला नकार देते.

जुन्या कादंबरीत दोष एका दुष्ट माणसाचा असे. नव्या कादंबऱ्यांनी सही करणारा डॉक्टर, मान डोलावणारं घर आणि डोळे मिटून घेणारं गाव, सगळ्यांना जबाबदार धरलं. दाखल करणाऱ्यांचं म्हणणं दप्तरात नोंदलं गेलं, तिचं बहुतेकदा गेलंच नाही. म्हणून अशी कादंबरी वाचताना रहस्य किती रंगलं हे मी पाहत नाही. तिला किती बोलू दिलं, एवढंच पाहते.