बुडाखालची होडी

देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं होती, शेजारी धारच्या पवारांचं राज्य. आणि तिन्हींपैकी एकाच्याही वाट्याला समुद्र नव्हता. मांडूचा जहाजमहाल हे आमच्या मुलखातलं सगळ्यात मोठं गलबत, तेही मुंज आणि कपूर तलावांच्या मध्ये दगडात रुतलेलं. तरीही इंदूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या दानाच्या विमानांवर लेख मागितला. दात्यांत बडोदाही होतं, आणि माळव्यातल्या माणसाला बडोदा म्हणजे घरचंच, म्हणून मी हो म्हणालो.

दानाची गोष्ट थोडक्यात आटोपते. पाच हजार पौंड द्या, एका स्पिटफायरवर तुमचं नाव रंगवू, असा ब्रिटिश सरकारचा हिशेब होता. विमानाचा खरा खर्च त्याहून बराच जास्त. संस्थानिकांनी, शहरांनी थैल्या मोकळ्या केल्या. रॉयल एअर फोर्सच्या 124 क्रमांकाच्या तुकडीला 'बडोदा' हे नाव लागलं, 122 आणि 132 या तुकड्यांना 'मुंबई'. या तुकड्या इंग्लिश खाडीवर उडाल्या.

पण कागद चाळताना मी विमानावरून घसरलो आणि वैमानिकाच्या बुडाखाली येऊन थांबलो. तिथे पुढे एक रबरी होडी घडी करून ठेवली जाऊ लागली. विमानावर दात्यांची नावं आली. या होडीसाठी कुणी थैली मोकळी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

1940 च्या उन्हाळ्यात ती नव्हतीच. खाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाकडे 'मे वेस्ट' नावाचं जाकीट होतं, तेही 1932 च्या धाटणीचं: आत सावरीच्या कापसाचे तुकडे आणि तोंडाने फुगवायची पिशवी. हाडं गोठवणाऱ्या पाण्यात, भाजलेल्या ओठांनी फुंकर मारायची. जाकिटाचा मूळ रंग लाटांत हरवून जाणारा, म्हणून कित्येकांनी स्वतःच पिवळा रंग फासला. समोर जर्मनांची तयारी पाहिली की चीड येते. त्यांच्या वैमानिकांकडे छोटी होडी होती, पाण्यात पसरायचा चमकदार रंग होता, आणि पाण्यावर उतरणारी हाइंकेल 59 विमानं बचावासाठीच नेमलेली होती. एक वैमानिक तयार करायला किती महिने लागतात हे विमानदल जाणून होतं. तरी तो पाण्यात पडला की त्याला किनाऱ्यावरच्या नौका आणि नशीब यांच्यावर सोडून दिलं जात होतं.

रिचर्ड हिलरीचं प्रकरण मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा वाचलं. वय 21, जन्म सिडनीचा, 603 क्रमांकाच्या तुकडीतला. 3 सप्टेंबर 1940 च्या सकाळी त्याच्या स्पिटफायरला नवं काचेचं झाकण बसवलं होतं आणि ते खाचेत सरकेना. जमिनीवरच्या कामगाराने कानशीने घासलं, तेल सोडलं. ते अर्धं उघडू लागलं तेवढ्यात उडण्याचा हुकूम आला. वर गेल्यावर जर्मन विमानाने त्याला मागून गाठलं, कॉकपिट पेटलं, आणि तेच झाकण अडलं. हातात मोजे नव्हते, चष्मा कपाळावर चढवलेला. अखेर विमानाबाहेर फेकला गेला तेव्हा हात आणि चेहरा होरपळले होते.

मार्गेटजवळच्या समुद्रात तो बराच वेळ तरंगत राहिला. दिसेनासं झालं तेव्हा त्याने जाकिटातली हवा सोडून मरायचं ठरवलं. तेही जमलं नाही. पॅराशूटच्या गुंत्याने त्याला बुडूच दिलं नाही. शेवटी मार्गेटच्या जीवरक्षक नौकेने त्याला वर खेचलं. हे सगळं त्याने 1942 मध्ये पुस्तकात लिहिलं. पुढे तो पुन्हा विमानात बसला आणि जानेवारी 1943 मध्ये सरावाच्या उड्डाणात गेला.

यातली वैद्यकीय बाजू मला थक्क करते. त्या काळी भाजलेल्या जागेवर टॅनिक ॲसिडचा लेप द्यायची पद्धत होती. त्याची कडक खपली बने आणि बोटं आकसून जात. हिलरीवर आधी तेच झालं. ईस्ट ग्रिन्स्टेडचे शल्यचिकित्सक आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या लक्षात आलं, की समुद्रात पडलेल्यांच्या जखमा जमिनीवर भाजलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असतात. त्यांनी लेप बंद करून मिठाच्या कोमट पाण्यातली आंघोळ सुरू केली. बुडवू पाहणाऱ्या पाण्यानेच उपचार सुचवला.

फेब्रुवारी 1941 मध्ये बचावासाठी स्वतंत्र खातं उभं राहिलं आणि त्या वर्षी लढाऊ वैमानिकाला एकट्याची होडी मिळू लागली. यंत्र साधं, पण बारकाई बघण्यासारखी: ती पॅराशूटबरोबर बैठकीत बसते, एका दोरीने जाकिटाला बांधलेली, छोट्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइड सोडला की फुगते. पुढे तिच्यात भोकं बुजवायच्या खुंट्या, पाणी उपसायचं भांडं, हाताची वल्ही आणि शीडसुद्धा आलं. वैमानिक मात्र कुरकुरत. गॅसची बाटली तासन्‌तास बसकणीला टोचत राही. मला ही तक्रार मनापासून पटते.

भारतीय वैमानिकांची 24 जणांची तुकडी 1940 मध्ये ब्रिटनला गेली होती. त्यातले महिंदरसिंग पुज्जी यांचं हरिकेन खाडीवर निकामी झालं, पण त्यांनी उडी मारली नाही. त्यांना पोहता येत नव्हतं! धूर ओकणारं विमान त्यांनी डोव्हरच्या किनाऱ्यापर्यंत रेटत नेऊन आदळलं आणि वाचले. पगडीच्या घड्यांनी डोकं वाचवलं, असं ते सांगत. अशा माणसाला होडी असून काय उपयोग, असं कुणी म्हणेल; मला वाटतं तिची गरज अशालाच जास्त.

होडी फुगली तरी प्रश्न संपत नाही, तिथूनच सुरू होतो. लाटांत माणसाचं डोकं वरून जवळजवळ दिसत नाही. वालरस हे उभयचर विमान उतरे, पण खवळलेल्या पाण्यातून वैमानिकाला घेऊन पुन्हा उडता आलं नाही, की पाण्यावरूनच घरचा रस्ता धरी. रात्र झाली की शोध थांबे, वारा मात्र थांबत नसे. युद्ध संपेपर्यंत या बचावखात्याने 13,000 हून अधिक जीव वाचवले, तरी प्रत्येक शोधाची सुरुवात एकाच गोष्टीवर अवलंबून असे: पडताना कुणी पाहिलं का?

भारत-पाकिस्तान युद्धात, कच्छच्या आखातात 12 डिसेंबर 1971 रोजी तसं पाहिलं गेलं होतं. जामनगरहून उडालेले भरत भूषण सोनी यांनी मिग-21 मधून पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं. त्याचे वैमानिक विंग कमांडर मर्विन मिडलकोट बाहेर पडून समुद्रात उतरले. सोनींनी शत्रूच्या त्या वैमानिकासाठी रेडिओवरून बचावनौका मागितली. मिडलकोट सापडले नाहीत. त्या आखातात भरती-ओहोटीचा चढउतार मोठा आणि पाण्याची ओढ जोराची. वरून कळवलेली जागा नौका पोहोचेपर्यंत जुनी होऊन जाते.