तपास चालू आहे, पण कोणाचा?

‘तपास चालू आहे, आत्ता काही सांगता येणार नाही.’ क्राइम बीटवरच्या बातमीदाराला हे वाक्य तोंडपाठ असतं. ते ऐकून बहुतेक जण माघारी फिरतात. शिकागोत मात्र हेच वाक्य कोर्टात उलटलं, आणि ज्या कारणाने उलटलं ते कळल्यावर मी अक्षरशः थक्क झालो.

२० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री तिथल्या पुलास्की रोडवर लक्वॉन मॅकडोनल्ड हा १७ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळ्यांनी मेला. तो चाकू घेऊन पोलिसांच्या अंगावर आला, असं पोलिसांच्या कागदांत लिहिलं गेलं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण सरकार काही एकाच वहीत लिहीत नाही. शवविच्छेदन झालं कुक काउंटीच्या वैद्यकीय परीक्षकांकडे, त्यांची नोंद वेगळी. पत्रकार जेमी कॅल्व्हेन यांनी तो अहवाल माहिती कायद्याखाली मागून घेतला. अंगावर १६ जखमा, त्यांतल्या काही पाठीत! अंगावर धावून येणाऱ्याच्या पाठीत गोळ्या कशा लागतील?

आता उरली पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रफीत. ब्रँडन स्मिथ नावाच्या मुक्त पत्रकाराने ती मागितली. इलिनॉयच्या कायद्यात अर्जदाराला कारण द्यावं लागत नाही, उत्तर कामकाजाच्या पाच दिवसांत अपेक्षित असतं आणि कोर्टात जिंकलात तर वकिलाची फी सरकार भरतं. (ही शेवटची तरतूद फार हुशार आहे. खिशात दमडी नसलेल्या अर्जदारालाही वकील मिळतो तो तिच्यामुळे.) इतरांचे असे अर्ज आधीच फेटाळले गेले होते. स्मिथच्या अर्जावरही उत्तर तेच: तपास चालू आहे.

स्मिथ कोर्टात गेले. न्यायाधीश फ्रँकलिन व्हाल्डेरामा यांच्यापुढे मुद्दा आला तो असा, की तपास करतंय कोण? पोलिसांच्या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या यंत्रणा वेगळ्याच होत्या. अर्ज आला होता पोलीस खात्याकडे, आणि ते खातं स्वतः हा तपास करतच नव्हतं. मग दुसऱ्याच्या तपासाची ढाल त्याने पुढे कशी करायची? १९ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला: चित्रफीत द्या.

२४ नोव्हेंबरला ती जगाने पाहिली. आवाज नाही. मुलगा पोलिसांपासून बाजूला सरकत चाललेला दिसतो. जेसन व्हॅन डाइक हा पोलीस अधिकारी गाडीतून उतरतो, काही सेकंदांत गोळीबार सुरू करतो आणि मुलगा कोसळल्यावरही थांबत नाही. वर्षभराहून अधिक काळ रेंगाळलेला खुनाचा आरोप नेमका त्याच दिवशी ठेवला गेला. २०१८ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. गंमत म्हणजे, चित्रफीत जाहीर करायला बोलावलेल्या पत्रकार परिषदेत स्मिथ यांनाच आत सोडलं नव्हतं.

आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही कारण विचारता येत नाही, आणि कलम ८ मध्ये तपासाची ढालही आहे. पण ती दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच कमकुवत केली. नुसतं ‘तपास चालू आहे’ म्हणून भागत नाही, ही माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं, असं त्या निकालात स्पष्ट आहे. त्यामुळे नकाराचं पत्र हातात पडलं की अपिलात पहिला मुद्दा हाच घ्यावा. काही कागदांसाठी तर अर्जही लागत नाही: २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं तेवढी वगळली. आरोपपत्रांसाठी हीच मागणी पुढे आली, तेव्हा २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला. म्हणजे गुन्हा काय नोंदवला ते आज घरबसल्या वाचता येतं. तपासात काय सापडलं त्यासाठी अजून अर्जच करावा लागतो.