चिखलीचे वावर घेताना

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. जमीन घेणाऱ्यासाठी हा प्रश्न नुसता ओळखीचा नाही. घाटाखाली पूर्णेचे खोल काळे खोरे आहे, पण तिथल्या मोठ्या भागाला खारपाणपट्ट्याने ग्रासले आहे. घाटावर पाणी गोडे आहे, हवा सुसह्य आहे, आणि माती एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत बदलते. चिखलीच्या शिवारात काळी कसदार जमीन आणि मुरमाड बरड एकाच गट नंबरात सापडते. एकरी भाव एकच सांगितला जातो, पीक मात्र एकसारखे येत नाही.

चिखली शहर बुलढाण्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. खामगाव, जालना, मेहकर आणि बुलढाणा या चारही बाजूंचे रस्ते इथे येऊन मिळतात, म्हणून बाजारपेठ जुनी आणि भरीव आहे. ग्रामदैवत रेणुकामाता, चैत्रातल्या यात्रेला बाहेरगावी गेलेला चिखलीकर परत येतो. जोतीराव फुले यांचे पहिले चरित्र लिहिणारे पंढरीनाथ पाटील याच चिखलीचे. 1927 साली, कास्तकाराच्या कर्जाचा आणि जमिनीचा प्रश्न वऱ्हाडात धगधगत असताना, फुल्यांचे चरित्र इथल्या माणसाने लिहावे याचे मला नेहमीच महत्त्व वाटत आले आहे. या तालुक्याने जमिनीचा विचार केवळ भावात केलेला नाही.

आता मात्र भावाचीच चर्चा अधिक आहे. जालन्याकडे आणि खामगावकडे जाणारे रस्ते रुंद झाले. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो, चिखलीतून नाही; तरी चिखलीतल्या वावरांचा सौदा ‘समृद्धीजवळ’ म्हणून होतो. खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्याही नावावर जमीन विकली जाते. दुसरी बाजूही आहे. सिंदखेड राजा ते शेगाव या नियोजित भक्ती महामार्गाला 2024 मध्ये शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, कारण त्यात जाणार होती ती पिकाऊ वावरे. ज्या रस्त्याने विकणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, तोच रस्ता कसणाऱ्याच्या पोटावर येऊ शकतो.

पुणे-मुंबईत नोकरी करून निवृत्तीकडे आलेली, मूळची वऱ्हाडातली माणसे आता इकडे वळत आहेत. पाच एकर वावर, एक विहीर, चार आंब्याची झाडे आणि शांत म्हातारपण असे चित्र त्यांच्या मनात असते. ते चित्र खोटे नाही. चिखली तालुक्यात ते उभे राहू शकते. मात्र आधी कागद आणि पाणी पाहिले तरच.

पहिला अडसर कायद्याचा. विदर्भात शेतजमिनीचे हस्तांतर 1958 च्या विदर्भ कूळवहिवाट कायद्याखाली येते आणि त्याचे कलम 89 बिगर-शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेती घेऊ देत नाही. गंमत भूगोलाची आहे: चिखलीच्या शिवेपलीकडे जाफ्राबाद, भोकरदन लागले की जालना जिल्हा सुरू होतो आणि तिथे 1950 चा हैदराबादचा कूळकायदा चालतो. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, पलीकडचा मुलूख 1948 पर्यंत निजामाकडे राहिला. त्या सरहद्दीची खूण आजही खरेदीखतात उमटते. बिगर-शेतकऱ्यावर हा निर्बंध असल्याने, वडिलांच्या नावाचा सातबारा असेल तर वारसाची नोंद आधी करून घ्यावी. शेतकरी असल्याचा पुरावा तिथूनच मिळतो.

दुसरी गोष्ट तुकड्याची. 2023 मध्ये शासनाने प्रमाणभूत क्षेत्र कमी केले: जिरायतासाठी 20 गुंठे, बागायतासाठी 10 गुंठे. त्याखालचा तुकडा घेऊन शेत म्हणून नोंद लावता येत नाही. शेतघराची गोष्ट आणखी वेगळी, त्याला किमान 0.4 हेक्टर म्हणजे एक एकर लागते. ‘दहा गुंठ्यांत फार्महाऊस’ अशी पाटी दिसली की तिथे न थांबणे बरे.

शेतजमिनीवर घर बांधून फसण्याचा हा प्रकार दक्षिण स्पेनच्या आंदालुसियात फार मोठ्या प्रमाणावर घडला. ऑलिव्ह आणि बदामाच्या रानातली जुनी शेतघरे आणि त्यांच्या आजूबाजूची जमीन उत्तर युरोपातल्या निवृत्त लोकांनी स्वस्तात घेतली, नगरपालिकेचा परवाना दाखवून घरे बांधली. जानेवारी 2008 मध्ये आल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे एका वृद्ध ब्रिटिश दांपत्याचे घर यंत्राने पाडले गेले. नगरपालिकेने दिलेला परवाना प्रादेशिक सरकारला मान्य नव्हता, कारण ती जमीन घरासाठी नव्हतीच. दांपत्याने पैसे भरले होते, कागद जपले होते. चुकीचे होते ते कागद देणारे दार. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या ‘ना हरकत’वर विसंबणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

माझ्या मते बाहेरून येणाऱ्याने आधी वावर नाही, गावठाणातले घर घ्यावे. घाटावरच्या गावांत अजून माळवदाची, जाड मातीच्या भिंतींची घरे रिकामी पडली आहेत; उन्हाळ्यात त्यांच्यात गारवा असतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो आणि शेतकरी असण्याची अटही नसते. पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरच सगळे चालायचे. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, त्या मागाव्यात. सातगाव भुसारी, साकेगाव या गावांत काळ्या पाषाणातली जुनी देवळे आहेत. गावातले देऊळ केंद्राने संरक्षित केलेले असेल, तर त्याच्या 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते. घराच्या दारातून देऊळ दिसते हा आनंद आहेच, पण अंतर मोजून घ्यावे. वर्षभर गावात राहून, दोन हंगाम पाहून मग वावर शोधावे. कुणाची विहीर मेमध्ये आटते, कुठल्या पांदणीतून पावसाळ्यात बैलगाडीही जात नाही, हे गावात राहणाऱ्यालाच कळते.

आणि पाणी. पैनगंगा बुलढाणा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते; येळगावच्या धरणाचे आपोआप उघडणारे गोडबोले गेट बघायला पावसाळ्यात लोक जातात. पण नदी जवळ म्हणजे विहिरीला पाणी, असे इथे होत नाही. खाली बेसाल्ट आहे. मुरूम आणि मांजऱ्या (सच्छिद्र खडक) लागला तर पाणी मुरते आणि मिळते. काळा पाषाण लागला तर बोअर कितीही खोल न्या, धूळच निघते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर परवानगीशिवाय खोदता येत नाही, हेही विकणारा सहसा सांगत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीची नोंद कुणाच्या नावे आहे ते वाचावे. सामाईक विहिरीत पाळीचे पाणी असेल तर पाळी किती, हे लिहून घ्यावे. शेजारच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन वाढले आहे आणि जालन्याच्या बियाणे कंपन्यांशी तो व्यवहार चालतो. तसे वावर हवे असेल तर उन्हाळ्यातले पाणी हीच खरी किंमत. बाकी तालुका खरिपात सोयाबीन-तूर आणि रब्बीत हरभरा असाच चालतो, आणि त्यालाही एक-दोन संरक्षित पाणी लागतेच.

वाट हा पुढचा प्रश्न, आणि भांडणे बहुतेक इथेच होतात. शेतरस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागता येतो, पण वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या वावरातून चाललेली पायवाट कागदावर नसते. शेजारची ई-क्लास, म्हणजे सरकारी, जमीन आपल्याच वावराचा भाग म्हणून दाखवली जाते, तेव्हा भूमी अभिलेखची मोजणी विक्रेत्याच्या खर्चाने मागावी. ताबा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा अशी अदलाबदल जुनी असेल, तर 2023 च्या सलोखा योजनेत एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार नोंदणी शुल्कात ती दुरुस्त होते. ही दुरुस्ती आधी करून मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे.

याहूनही नाजूक एक गोष्ट. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच वाटा दिला. तरी घाटावर आजही भाऊच सौदा करतात आणि बहिणींच्या सह्या नंतर गोळा होतात, कधी होतच नाहीत. फेरफार वाचताना सासरी गेलेल्या लेकींची नावे शोधा. त्यांच्या संमतीशिवाय घेतलेली जमीन उद्या कोर्टात जाईल हे खरेच, पण त्याआधी ती त्यांच्यावर अन्याय करून घेतलेली असेल. मला ही बाब व्यवहाराच्या फायद्या-तोट्यापेक्षा मोठी वाटते.

बुलढाणा हा 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या, आत्महत्याग्रस्त ठरलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. इथे विकायला निघालेल्या कितीतरी वावरांमागे मुलीचे लग्न, दवाखाना किंवा थकलेले पीककर्ज असते. अशा घराकडून पडेल भावात वावर घेऊन ते पडीक ठेवणारा गुंतवणूकदार चिखलीला नको आहे. तण शेजारच्या सोयाबीनमध्ये जाते, रोही आणि रानडुकरे तिथेच आसरा घेतात आणि गावातल्या सालदाराचे काम जाते. स्वतः कसणारा, किंवा गावच्या माणसाला वाजवी मक्त्याने देणारा खरेदीदार असेल, तर त्याचे स्वागत होते.

म्हणून चिखलीत जमीन पाहायला येणाऱ्यांना एवढेच सांगणे: वावर मेमध्ये एकदा आणि भर पावसात एकदा पाहा, आणि चारही बाजूंच्या धुरेकऱ्यांशी बोलल्याशिवाय इसार देऊ नका.