सुधारणेचे माप
उत्पादनातील अपव्यय टाळण्यासाठी केलेली सुधारणा यशस्वी झाली, हे कशावरून ठरवावे? वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली उघडले; तेथील चरखे पाहताना हा प्रश्न उद्भवतो. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर करून त्याचे उत्तर आकड्यांत दिले होते: आठ तासांत १६,००० फूट सूत, १५० रुपयांपर्यंत किंमत, २० वर्षांचे आयुष्य, वार्षिक दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत आणि कातणाऱ्या स्त्रीस अतिश्रम नकोत. या अटी पर्यायी नव्हत्या, समुच्चयाने पाळावयाच्या होत्या. पारितोषिक कोणासच मिळाले नाही. वेगाने श्रमाची उणीव भरून निघत नाही. म्हणून निर्णायक घटकांची सरासरी न काढता प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्रपणे तपासणे, हेच खरे मापन होय.