झेंडूचे खरे मोल

दसऱ्याला गंगापूर रोडवर झेंडूचे ढीग लागतात. दुसऱ्या दिवशी भाव उतरतो आणि उरलेले फूल मातीमोल होते. एवढ्यावरून झेंडूची किंमत ठरवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. मूळच्या मेक्सिकोतील या झाडाच्या मुळांतले द्रव्य सूत्रकृमींना मारक असते; हे कृमी पिकांच्या मुळांवर गाठी आणतात. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग बरीचशी अंडी झेंडूवर घालतात. मात्र दोन्ही पिके एकदम फुलोऱ्यावर यावीत, यासाठी लावणीस झेंडूचे रोप ४० दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे घ्यावे. तोरणाचे मोल एका दिवसाचे. मुळांचे मोल पुढच्या पिकालाही मिळते.